छताची पक्की बांधणी

गाडीचे छत पहिल्यांदा खाली टेकले ते बाइंडरांच्या बायकोच्या अंबाड्यावर. छत म्हणजे वरचा पत्रा नव्हे, पत्र्याच्या आतून लावलेले राखाडी कापड. मागच्या सीटवर ते आधी थोडे फुगले, मग झोळीसारखे लोंबले, आणि एके दिवशी वळणावर गाडी कलली तसे अलगद येऊन तिच्या डोक्यावर बसले.

"अहो, कुणीतरी डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

"आशीर्वाद समज."

"आशीर्वाद दिल्यावर केसांतून पिवळा भुसा झाडावा लागत नाही."

बाइंडरांनी चाळीस वर्षे पुस्तके बांधली होती. वाचनालयांची, कचेऱ्यांची, शाळांची. त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेले पुस्तक फाटत नसे, वाचणारा आधी थके. हे सारे श्रेय ते स्वतःकडे न घेता खळीला देत. मैदा, पाणी, तुरटी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या मोरचुदाने खळीला फिकट निळी झाक येई. दुकान बंद करून सहा वर्षे झाली तरी खळ शिजवणे काही थांबले नव्हते. मागेल त्याला आणि न मागेल त्यालाही ते बरणी भरून देत आणि देऊन विसरून जात. बरणीवर त्यांच्या गोल अक्षरातली चिठ्ठी असे : 'खळ. पंचवीस वर्षे हलायची नाही.'

छत लोंबण्याचे त्यांना तसे दुःख नव्हते. दुःख आले ते बुधवारी, टपालाने. पाकिटावर आक्काचे अक्षर होते. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वयाने बारा वर्षांनी मोठी, आयुष्यभर मुख्याध्यापिका. पत्रसुद्धा तपासून पाठवी.

'बारक्यास आशीर्वाद. रविवारी सकाळच्या बसने येते. गाडी कशी ठेवली आहेस ते बघते आणि मग कागदाचे ठरवते. यांचा पुतण्या गाडीसाठी सारखा मागे लागला आहे. स्टँडवर गाडी घेऊनच ये.'

गाडी खरी आक्काच्या यजमानांची, म्हणजे दाजींची. दाजी गेल्यावर, आठ महिन्यांपूर्वी, आक्काने ती 'तूर्त वापर' म्हणून धाकट्या भावाला दिली होती. त्या तूर्तमध्ये बरेच काही घडून गेले होते. लेकीला मुलगी झाली होती. लेकीचे घर बसच्या शेवटच्या थांब्यापासून दीड तासाच्या चढणीवर, आणि बाइंडरांच्या बायकोचे गुडघे तर जिना चढतानाही वाटाघाटी करायचे. नात पहिल्यांदा हसली, पालथी पडली, ते सगळे दोघांनी पाहिले ते या गाडीच्या जिवावर. गाडी गेली की नात फोटोत वाढणार.

"कुशनवाल्याकडे टाका," बायको म्हणाली. "शुक्रवारपर्यंत देईल."

बाइंडर गेलेही. कुशनवाल्याने दारातूनच आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "होऊन जाईल काका. त्यात काय, कापड चिकटवायला डोकं लागत नाही, स्प्रे लागतो."

बाइंडर तसेच गाडी वळवून घरी आले.

"काय झालं?"

"मी घरीच करतो."

"अहो, रविवारी वन्सं येतायत."

"म्हणूनच. आक्काच्या गाडीला मी डब्यातला फवारा मारून घेऊ? चाळीस वर्षं काय गवत उपटलं?"

बायकोने पदर खोचला. नवऱ्याच्या कामात कधी बोलून उपयोग असतो आणि कधी नसतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळले होते. पण आक्काचे नाव निघाले की हा सासष्ट वर्षांचा माणूस सात वर्षांचा होतो, हेही तिला ठाऊक होते. सातव्या वर्षी त्यांनी आक्काचा नकाशांचा मोठा ॲटलास फाडला होता. मग घाबरून कणीक कालवून तो चिकटवला आणि गादीखाली दाबून ठेवला. आक्काने उघडला तेव्हा दोन महासागर एकमेकांना कायमचे चिकटले होते आणि मधली सगळी जमीन गडप झाली होती. आक्का रागावली नाही. नुसती म्हणाली, "फाडलंस त्याचं काही नाही बारक्या. सांगितलं नाहीस." तेवढ्या एका वाक्यापायी ते पुढे बाइंडर झाले, असे म्हटले तरी चालेल.

दुपारी काम सुरू झाले. दिवा काढला, उन्हाच्या झापा काढल्या, धरायच्या कड्या काढल्या. सगळे स्क्रू एका बशीत जमा झाले. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ते छत मागच्या दारातून बाहेर ओढले. बाहेर आले ते एक अखंड, दाराएवढे पुठ्ठ्याचे फळकूट, आणि त्याला चिकटलेले कापड. ते पाहून बाइंडरांना माहेरी आल्यासारखे वाटले.

"अगं, पुठ्ठा आणि कापड. हे तर पुस्तकच आहे."

"पुस्तकाला मधोमध दिवा नसतो," बायको म्हणाली.

कापड ओढताच आतला कुजलेला फोम उडाला आणि दोघे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झाले. कापड उजेडात धरले तर त्याला जागोजागी बारीक भोके दिसली.

"कसर," बाइंडर म्हणाले. "मोरचूद घातला नाही की असं होतं."

पुठ्ठ्यावर जुन्या चिकटवणीच्या खपल्या होत्या. कोरड्या, निळसर. पट्टीने खरवडले की पापुद्र्यासारख्या सुटत होत्या. बाइंडर खरवडत होते आणि तोंडाने त्या अज्ञात कारागिराचा उद्धार करत होते.

"बघ, ही बघ बुरशी. ज्या कुणी गाढवानं हे चिकटवलं त्याच्या हातात मी माझ्या दुकानातला झाडूसुद्धा दिला नसता. कशाला कशाचा धर नाही."

बायकोने एक खपली उचलून उन्हात धरली. खपलीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि केर काढायला झाडू आणायला गेली.

तेवढ्यात शेजारचे पोस्टमास्तर कुंपणापाशी आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिक्का मारायला काही उरले नव्हते, म्हणून ते मत देत.

"बाइंडर, पुठ्ठ्याला बाक आलाय."

बाइंडरांनी मागे सरकून पाहिले. खरेच. चारी कडांनी पुठ्ठा खाली वळला होता आणि मधे फुगला होता.

"उन्हानं येतो," बाइंडर म्हणाले. "इतकी वर्षं पत्र्याखाली तापलाय. शिकंज्यात दाबला की जाईल."

"अहो, गाडीचं छत गोलच असतं," बायको झाडता झाडता म्हणाली.

"बाहेरून असतं गोल. पाणी वाहून जायला. आतून कशाला पाहिजे?"

"बरोबर आहे," पोस्टमास्तर म्हणाले. ते कधी गाडीत बसत नसत.

कापड आणायला बाजारात जायची गरज पडली नाही. माळ्यावर दुकानातले बाइंडिंगचे कापड शिल्लक होते. गर्द मरून, मेणचट, कचेरीच्या हजेरीपटांना लावतात ते. त्या रात्री बाइंडरांनी घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात खळ शिजवली. गुरुवारी सकाळी पुठ्ठ्यावर सारखी पसरली, वर कापड घातले, मधून कडेला लाकडी पट्टी ओढत हवा काढली, कोपरे दुमडले. त्या तासाभरात ते पुन्हा चाळिशीतले झाले होते. दुकान, दारातली रांग, खळीचा तो आंबूस गोड वास, सगळे परत आले होते. सुख म्हणायचे ते एवढेच, आणि ते गुरुवारी अकराला संपले.

कारण ओले काम दाबाखालीच वाळवायचे, हा धंद्याचा पहिला नियम. शिकंजा विकून टाकला होता. म्हणून पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यावर पलंगाची फळी, फळीवर त्यांनीच बांधलेल्या मासिकांचे एकोणीस खंड, त्यावर शिवणयंत्र, त्यावर कपडे धुवायचा दगड. तरी एक कोपरा उचललेला राहिला. तिथे पोस्टमास्तर वर्तमानपत्र घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते उठले नाहीत. एवढे महत्त्व त्यांना बरेच दिवसांत मिळाले नव्हते.

दोन दिवस घरात सगळे उभ्याने जेवले.

शुक्रवारी दुपारी बाइंडरांनी वजने उतरवली. काम पाहून त्यांचे त्यांनाच भरून आले. कुठे सुरकुती नाही, कुठे फुगा नाही, बाकाचा मागमूस नाही. उभ्या आयुष्यात इतके सपाट काम हातून झाले नव्हते.

मग ते गाडीत बसवायला गेले.

पुढे लावले तर मागे एक वीत खाली. मागे लावले तर पुढे आरसा झाकला जाई. कडा पत्र्याला टेकवल्या तर मधला भाग सीटच्या पाठीला येऊन भिडे.  बायको गाडीच्या टपावरून, बाहेरून, हळूच हात फिरवत उभी राहिली. टप गोल होता. बाइंडरांनी तिचा हात पाहिला आणि फाटकाच्या पायरीवर जाऊन बसले.

तिथे ते बराच वेळ होते. चहा गार झाला, त्यावर साय धरली. त्यांच्या डोळ्यांपुढे पुतण्या येत होता. नव्या बुटांचा, च्युइंगम चघळणारा, गाडीचे दार पायाने लावणारा. मग ती चढण येत होती आणि चढणीच्या टोकाला, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने आलेल्या माणसांकडे झेप घेणारी नात. आणि या सगळ्यांच्या मागे, डोळ्यांवर चष्मा सरसावत, आक्का. आक्का रागावणार नाही. तेच तर वाईट.

"अहो, सरळ फोन करून सांगून टाका," बायको म्हणाली. "छत बिघडलंय म्हणून."

"ॲटलासच्या वेळी सात वर्षांचा होतो. आता सासष्टचा आहे."

"मग आता तरी सांगा."

"आता तर मुळीच नाही."

बाक परत आणायचा म्हणून त्यांनी पुठ्ठा मागच्या बाजूने जरा ओला केला आणि पाण्याच्या पिंपावर आडवा टाकून दोघे दोन बाजूंनी लोंबकळले. पुठ्ठा थोडा वाकला. अजून थोडा वाकला. बाइंडरांच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली आणि कट्‌कन आवाज झाला. छताचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. कापड मात्र फाटले नाही.

"बघितलंस कापड?" बाइंडर क्षीणपणे म्हणाले. "तसूभर हललं नाही."

कुशनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "सोमवारी बघू काका. शनिवार-रविवार बंद असतं." आणि मग, माणूस चांगला असावा, म्हणाला, "घरी काही करत बसू नका."

शनिवारी पहाटे बाइंडर उठून बसले ते एका विचाराने. दोन पुठ्ठे आणि मधे कापड. याला त्यांच्या धंद्यात मोडणे म्हणत नाहीत. याला कणा म्हणतात. जगातले प्रत्येक पक्क्या बांधणीचे पुस्तक मधे मोडलेलेच असते.

दुपारपर्यंत त्यांनी तड्यावर आतून-बाहेरून दुहेरी कापडाचा कणा चढवला. छत आता पुस्तकासारखे मिटत होते. मिटवून ते मागच्या दारातून सहज आत गेले आणि आत उघडले. दोन्ही पाने दोन बाजूंना उतरली, मधे कणा वर गेला, आणि बाक आपोआप आला. गोल नव्हे, कौलारू, पण बाक. दिव्याच्या स्क्रूने कणा वर धरला. कड्यांचे सहापैकी तीन स्क्रू लागले. उरलेल्या तिघांना भोके सापडली नाहीत, ते बशीतच राहिले.

"हे मिटणार नाही ना?" बायकोने विचारले.

"कणा माझा आहे. पंचवीस वर्षं हलायचा नाही."

"मला फक्त उद्या दुपारपर्यंत पाहिजे," ती म्हणाली.

रविवारी बस तासभर उशिरा आली आणि तो तासभर गाडी स्टँडवर उन्हात उभी राहिली. आक्का उतरली. आधीपेक्षा बुटकी झालेली, हातात काठी, खांद्याला तीच जुनी पिशवी. बाइंडर वाकून पाया पडले आणि जरूर होती त्यापेक्षा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

"ऊठ बारक्या. गाडी कुठंय?"

आक्का पुढे बसली. बाइंडरांची बायको मागे. आक्काने वर पाहिले. गाडीत खळीचा गरम, दमट वास भरला होता.

"लाल केलंस होय."

"मरून आहे आक्का. पक्की बांधणी."

"हं." आक्का पुन्हा वर पाहून म्हणाली, "कुणीतरी आता माझी हजेरी घेणार असं वाटतंय."

"हजर म्हणा वन्सं," मागून आवाज आला.

बाइंडर हसले नाहीत. त्यांना वरून एक आवाज ऐकू आला होता. अगदी बारीक, ओले कागद सुटे होतात तसा. त्यांनी वेग कमी केला. मागून एकाने हॉर्न वाजवला. पुढे रस्त्यावर उंचवटा होता. बाइंडरांनी तो इतक्या हळू ओलांडला की गाडी वर चढून क्षणभर विचारात पडली. पुढची चाके उतरली, मागची उतरली, आणि दिव्याचा स्क्रू टप्‌कन आक्काच्या मांडीवर पडला.

मग छत मिटले. आवाज न करता, सावकाश, वाचून झालेले पुस्तक मिटावे तसे. कणा खाली आला आणि आतली तिन्ही डोकी एकदम वाकली.

 बाइंडरांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. मान वर करता येत नव्हती. हनुवटी छातीला टेकलेल्या अवस्थेत, स्टिअरिंगकडे बघत ते म्हणाले, "आक्का, सांगायचं होतं."

"सांग."

त्यांनी सगळे सांगितले. कुशनवाला, टेबलावरचा दाब, पिंप, कणा. एकोणीस खंडही सांगितले. शेवटी म्हणाले, "गाडी पुतण्याला दे. मी राखली नाही."

आक्काने मांडीवरची पिशवी चाचपडली आणि तिच्यातून एक काचेची बरणी काढली. बरणीत टाचण्या होत्या, काठोकाठ. झाकण उघडून तिने एक टाचणी घेतली आणि सराईतपणे, वर न बघता, डोक्यावरच्या पुठ्ठ्याला टोचून पाहिली.

"हे कापड जाड आहे. आधीच्याला नीट लागायच्या."

बाइंडर बरणीकडे बघत होते. बघायला त्यांना तेवढेच दिसत होते. बरणीवर पिवळी पडलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर त्यांचे स्वतःचे गोल अक्षर होते.

"सात वर्षांपूर्वी हे छत सुटलं," आक्का म्हणाली. "यांनी कुशनवाल्याकडे टाकायचं ठरवलं तर तू हटून बसलास. घरची खळ असताना फवारा कशाला म्हणून. बरणी पाठवलीस. यांनी अंगणात बसून दोन दिवस चिकटवलं."

"मग?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिलं. मग टाचण्या. तुझ्याकडे गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी त्या सगळ्या काढल्या. म्हटलं, बारक्याच्या जिवाला लागेल."

बाइंडरांना भोके आठवली. खपल्यांचा निळा रंग आठवला. ज्या गाढवाच्या हातात त्यांनी झाडूही दिला नसता ते गाढव कोण, हे गाडीतल्या तिघांनाही आता माहीत होते. बायकोला बुधवारपासूनच माहीत होते.

"दाजी कधी बोलले नाहीत," ते म्हणाले.

"ते कसले बोलतायत. टाचण्या निसटल्या की मान खाली घालून गाडी चालवायचे. अख्खं गाव म्हणायचं, एवढा मोठा माणूस, पण काय नम्र." आक्का थोडी थांबली. "ते गेले तेव्हा सगळे हेच बोलले. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही."

मागच्या सीटवर बाइंडरांच्या बायकोचे खांदे हलत होते. ती रडते की हसते, हे कुणालाही वळून पाहता येत नव्हते.

"कागदावर सही मागच्याच आठवड्यात केलीय," आक्का म्हणाली. "पिशवीत आहे. पुतण्याची मान ताठ आहे, त्याला ही गाडी जमायची नाही. पण उद्या सकाळी कुशनवाल्याकडे टाकायची."

"हो आक्का."

"आणि तो काय फवारा मारेल तो मारू दे."

 रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"मारू दे," बाइंडर म्हणाले.

"मग चल आता. नातीकडे जाऊ. तिला बघायलाच तर आलेय मी."

बायकोने मागून दोन्ही हातांनी कणा जमेल तेवढा उचलून धरला. आक्काने आपली काठी उभी करून तिचा टेकू दिला. बाइंडरांना पुढची काच चार बोटे दिसू लागली आणि गाडी निघाली, बैलगाडीच्या चालीने. तीन माणसे, तिघांच्याही माना खाली. चौकातल्या पोलिसाने समोरची रहदारी थांबवून त्यांना आधी जाऊ दिले. पुढे एका दुकानापाशी उभे असलेले चार-पाच जण बोलायचे थांबले आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली.

बाइंडरांना ते दिसले नाही. त्यांना वर बघता येत नव्हते.